पूर्व आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी काम, मग कागद, तिकीट सगळ्यात शेवटी

स्वस्त भाडं दिसलं म्हणून आधी तिकीट, मग त्या तारखांना जमेल अशी संस्था, आणि मग ‘पुढचं तिकडे गेल्यावर बघू’ म्हणत काढलेला पर्यटक व्हिसा. स्वयंसेवेसाठी आफ्रिकेत निघालेल्या अनेकांचा क्रम हा असतो आणि पुढच्या बऱ्याचशा कटकटी या उलट्या क्रमातूनच उभ्या राहतात. व्हिसाचा प्रकार कामावर ठरतो, काम संस्थेच्या गरजेवर ठरतं, लसी आणि गोळ्या कोणत्या जिल्ह्यात राहणार त्यावर ठरतात. तारखा त्यानंतर येतात.

हा लेख केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांपुरता आहे. मुंबईहून नैरोबी, एन्टेबे आणि दार-एस-सलाम या तिन्ही ठिकाणी थेट विमानसेवा आहे. नैरोबीला साधारण सहा तासांत पोचता येतं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. कार्यालयीन कामकाज बरंचसं इंग्रजीत चालतं. पहिल्यांदाच जाणाऱ्याला याहून सोपा प्रदेश आफ्रिकेत क्वचितच मिळेल. तयारीला मात्र चार महिने हाताशी ठेवा.

देण्यासारखं काय आहे?

भिंती रंगवणं, विटा वाहणं, विहीर खणणं असल्या कामांसाठी विमानाने माणूस नेण्याची गरज नाही. तिथे गवंडी, सुतार, मेकॅनिक अशा कोणत्याही कारागिराला ‘फुंडी’ म्हणतात आणि गावोगावी चांगले फुंडी असतात. तुम्ही फुकट लावलेल्या विटांमुळे त्यांची मजुरी बुडते, शिवाय भिंत वाकडी होते ती वेगळीच.

कामी येतं ते हातातलं कौशल्य: हिशेब आणि लेखापरीक्षणाची तयारी, संगणक दुरुस्ती, ठिबक सिंचनाची आखणी, शिलाई यंत्रांची देखभाल, फिजिओथेरपी, शिक्षकांचं प्रशिक्षण, बचतगटांचा अनुभव. लहान संस्थेला कित्येकदा शिक्षकापेक्षा देणगीदारांना पाठवायचे हिशेब नीट मांडून देणारा माणूस जास्त हवा असतो. वाणिज्य शाखेच्या लोकांनी स्वतःला कमी लेखू नये.

शिकवायचं असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. पहिली भाषा. टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली आहे, इंग्रजी माध्यमिकपासून सुरू होतं. स्वाहिली येत नसेल तर तिथल्या तिसरीच्या वर्गात तुम्ही फक्त पाहुणे. दुसरी गोष्ट वेळापत्रक. या भागात शालेय वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं आणि वर्षअखेरीला मोठी सुट्टी असते. आपल्या दिवाळीची किंवा नाताळची रजा जोडून डिसेंबरात गेलात तर शाळेला कुलूप सापडेल.

महिन्याहून कमी वेळ असेल तर स्वयंसेवेचा हट्ट सोडा आणि सरळ पर्यटक म्हणून जा, स्थानिक गाइड घ्या, गावातल्या खानावळीत जेवा. त्याने जास्त लोकांचं भलं होतं. शाळा किंवा वस्तीतल्या कामाला तीन महिने हा कमीत कमी काळ धरा, कारण पहिला महिना माणसं आणि पद्धत समजण्यातच जातो.

आणि एक ठाम सल्ला: अनाथाश्रमात अल्पकाळाची स्वयंसेवा करू नका. अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान त्यांतलं एक तरी, हयात असतात. गरिबीमुळे किंवा शिक्षणाच्या आशेने मुलं तिथे ठेवली जातात. पैसे देणारे पाहुणे येत राहिले की आश्रम भरलेले ठेवण्यात चालकांचा फायदा असतो. दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या माणसाचा लळा लागायचा आणि तुटायचा, हे मुलांच्या मनाला सोसत नाही. केनियाने २०१७ मध्ये अशा नव्या संस्थांची नोंदणी थांबवली आणि २०२२ पासून मुलांना कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण हाती घेतलं आहे. ‘लगेच या, कसलीही तपासणी नाही, मुलं वाट बघतायत’ असं कुठलीही संस्था म्हणाली तर तोच नकाराचा इशारा समजा.

संस्था कशी पारखायची

पैसे न घेता, उलट निर्वाहभत्ता देऊन नेणारे मार्ग आहेत, पण ते अनुभवी लोकांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयोगटासाठी युवा आणि २७ च्या पुढे तज्ज्ञ अशा वेगवेगळ्या जागा निघतात. मेदसँ साँ फ्राँतिए ही संस्था डॉक्टर-नर्सबरोबरच पाणी-स्वच्छता, भांडार आणि वाहन व्यवस्था सांभाळणारेही घेते. तिचं कार्यालय दिल्लीत आहे आणि कामाचा अनुभव ही तिथली पहिली अट. निवड व्हायला काही महिने लागतात.

बाकी बरीचशी सोय शुल्क घेणाऱ्या मध्यस्थांमार्फत किंवा थेट स्थानिक संस्थेशी बोलून होते. शुल्क घेणं यात मुळात गैर काही नाही, तुमच्या राहण्या-खाण्याचा भार संस्थेने का उचलावा? पण शुल्काची फोड मागा: निवास किती, जेवण किती, स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार किती, प्रकल्पाला किती, मध्यस्थाला किती. फोड द्यायला टाळाटाळ झाली की पुढचा ईमेल लिहू नका.

नोंदणीची प्रत मागा. केनियात नव्या कायद्यानुसार मे २०२४ पासून सार्वजनिक हिताच्या संस्थांचं नवं नियामक मंडळ आलं आहे, त्यामुळे जुन्या संस्थांकडे आधीच्या एनजीओ मंडळाचा दाखला असू शकतो. गावपातळीवरचे गट वेगळ्या, स्थानिक कार्यालयात नोंदलेले असतात, तोही दाखला चालतो. फक्त नाव, पत्ता आणि बँक खात्याचं नाव एकमेकांशी जुळलं पाहिजे. खातं व्यक्तीच्या नावावर असेल तर थांबा.

मग एकाच ईमेलमध्ये हे विचारा:

१. हे काम सध्या कोण करतं? मी आलो नाही तर ते कोण करणार?
२. माझ्याबरोबर रोज कोणता स्थानिक कर्मचारी असेल?
३. माझ्या कामाला कोणता परवाना लागतो आणि त्याचा अर्ज तुम्ही कधी करणार?
४. मुलांशी संबंध येणार असेल तर तुम्ही पोलीस पडताळणी दाखला का मागितला नाही?
५. याआधीच्या दोन स्वयंसेवकांशी बोलता येईल का?
६. जवळचं, रात्री चालू असणारं रुग्णालय किती अंतरावर आहे?

चौथा प्रश्न मुद्दाम आडवा आहे. चांगली संस्था तुम्ही विचारायच्या आधीच दाखला मागते. हा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पडताळणी रखडते, म्हणून हे काम सगळ्यात आधी उरका.

डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना संस्थेचं पत्र पुरत नाही. त्या-त्या देशाच्या वैद्यक किंवा परिचर्या परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. विद्यार्थ्यांनी निरीक्षणापुरतंच राहावं. जे काम भारतात करायची परवानगी नाही ते तिथे ‘हाताला सराव’ म्हणून करणं हा गुन्हा आहे आणि रुग्णावर अन्यायही.

व्हिसा आणि परवाना

इथेच सर्वाधिक लोक फसतात. ‘पगार घेत नाही म्हणजे काम नाही’ ही समजूत चुकीची आहे. इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या दृष्टीने बिनपगारी कामही कामच असतं. पर्यटक व्हिसावर शाळेत शिकवताना सापडलात तर दंड, हद्दपारी आणि संस्थेची अडचण, असं तिन्ही होऊ शकतं.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली. ती प्रवेशापुरती आहे. कामासाठी संस्थेने वेगळा अर्ज करावा लागतो, अल्पकाळासाठी ‘स्पेशल पास’ आणि दीर्घकाळासाठी धर्मादाय कामाचा परमिट. ९० दिवसांहून जास्त राहणार असाल तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावं लागतं. टांझानियात स्वयंसेवकांसाठी ‘क्लास सी’ निवास परवाना असतो. तिथे आल्यावर तपासणी होते, आणि ती गावपातळीपर्यंत होते, त्यामुळे ‘कोण बघतंय’ हा हिशेब चालत नाही. युगांडाचाही पर्यटक व्हिसा कामाला चालत नाही, तिथेही पासचा अर्ज संस्थेमार्फतच. तिन्ही देशांत अर्ज यजमान संस्था करते, म्हणून वरच्या यादीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी हवं.

केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एक ‘पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा’ मिळतो: १०० डॉलर, ९० दिवस, तिन्ही देशांत कितीदाही ये-जा. काम संपल्यावर फिरण्यासाठी तो उत्तम. पण त्यात टांझानिया नाही आणि या तीन देशांच्या बाहेर पाऊल टाकलं की तो संपतो. म्हणून मार्ग असा आखा की टांझानिया शेवटी येईल आणि परतीचं विमान दार-एस-सलामहून असेल. टांझानियाच्या झांझिबार बेटांवर जाणाऱ्या परदेशी प्रवाशांना ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी विमा कंपनीचा विमा घ्यावाच लागतो, प्रौढाला ४४ डॉलर. तुमचा भारतातला प्रवास विमा त्याऐवजी चालत नाही.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. खरा पत्ता केनियासाठी ‘गो डॉट के ई’, युगांडासाठी ‘गो डॉट यू जी’ आणि टांझानियासाठी ‘गो डॉट टी झेड’ असा संपतो. शोध घेतल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिराती बहुतेक वेळा दुप्पट पैसे घेणाऱ्या दलालांच्या असतात. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने आणि कोरी पानं किमान दोन, हे आत्ताच उघडून बघा. दर बदलतात, भरण्याच्या दिवशीचा दर खरा.

लसी आणि मलेरिया

यलो फीव्हरची लस टाळता येणार नाही. युगांडा प्रवेशालाच प्रमाणपत्र मागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केनिया-युगांडाहून परतताना ते मुंबई विमानतळावर दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांत मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचं केंद्र आहे. एकदा पातळ केलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवूनच बोलावतात. आयत्या वेळी नंबर लागत नाही. प्रमाणपत्र लसीच्या दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६ पासून ते आजन्म वैध धरलं जातं. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, कमी प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वात यांचं जुनं कार्ड शोधा. खेड्यात राहणार असाल तर रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्या, कारण कुत्रा चावल्यावर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. चावा बसलाच तर पहिली गोष्ट म्हणजे साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं, बाकी सगळं त्यानंतर.

मलेरिया आपल्याला नवा नाही, म्हणूनच आपण त्याला हलक्यात घेतो. पूर्व आफ्रिकेत मुख्यतः फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार आहे, क्लोरोक्विनला तो दाद देत नाही आणि दोन-तीन दिवसांत मेंदू-मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. ‘आम्ही भारतीय, आम्हाला सवय आहे’ याला काही अर्थ नाही. सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या नैरोबीत धोका कमी, पण व्हिक्टोरिया सरोवराचा काठ, किनारपट्टी आणि जवळपास सगळा युगांडा या ठिकाणी जास्त. प्रतिबंधक गोळ्या तीन प्रकारच्या, कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील:

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते धोक्याचा भाग सोडल्यावर चार आठवड्यांपर्यंत. स्वस्त आणि सहज मिळणारी. पण उन्हाने कातडी भाजते आणि गोळी घेऊन लगेच आडवं झाल्यास अन्ननलिकेला जखम होते, म्हणून ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, दुधासोबत नको. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर सातच दिवस, पण महाग आणि भारतात शोधावी लागते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. नैराश्य, चिंता किंवा फिट्सचा इतिहास असलेल्यांनी ती घेऊ नये.

यांत सर्रास होणारी चूक एकच: घरी परतल्यावर गोळ्या बंद करणं. गोळीबरोबर कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या आणि अंगाला लावायचं डीट हे डास पळवणारं औषध हवंच. आपल्याकडच्या सौम्य क्रीमवर विसंबू नका.

व्हिक्टोरिया सरोवर आणि संथ नद्यांत पोहू नका. गोगलगाईंमार्फत पसरणारा बिल्हार्झिया तिथल्या पाण्यात आहे आणि त्याचे जंतू कातडीतून आत शिरतात, पाणी प्यावं लागत नाही.

विमा घेताना जाहिरातीतली रक्कम बघू नका, वगळलेल्या बाबींचं पान वाचा. मोटारसायकलवरचा अपघात, शारीरिक श्रमाचं स्वयंसेवी काम आणि उंच पर्वतावरची चढाई या तीन गोष्टी हमखास वगळलेल्या असतात. विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च धरलेला असलाच पाहिजे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालणाऱ्या आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं अल्पमुदतीचं सदस्यत्वही मिळतं. ते विम्याला पूरक आहे, पर्याय नाही.

सामान आणि पैसे

सामान थोडंच सांगण्यासारखं आहे. तिन्ही देशांत इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा प्लग चालतो, आपला गोल पिनांचा बहुतेक ठिकाणी बसत नाही, म्हणून दोन ॲडॉप्टर. हेडलॅम्प. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी. लष्करी छापाचे कपडे नकोत, नागरिकांना ते घालायला मनाई आहे. ड्रोन परवान्याशिवाय नेला तर विमानतळावरच अडकतो. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून बंद आहेत, म्हणून आईने पिशव्यांत बांधून दिलेले लाडू-चिवडा डब्यांत भरा.

भारतातून निघताना एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते. तेवढे नेऊ नका, पण नेलेल्या नोटा नव्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या असू द्या. २००९ पूर्वीच्या नोटा बहुतेक ठिकाणी नाकारतात, आणि ५० व १०० च्या नोटांना लहान नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. आपल्याकडचा मनी चेंजर जुन्या नोटा खपवू पाहतो, काउंटरवरच एकेक पाहून घ्या.

रोजचा व्यवहार मात्र फोनवरून. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून. पासपोर्ट दाखवून कंपनीच्या दुकानातच सिम घ्या, रस्त्यावरच्या पोऱ्याकडून नको, कारण दुसऱ्याच्या नावावरचं सिम बंद झालं की त्यातले पैसेही अडकतात. पैसे पाठवताना पडद्यावर समोरच्याचं नाव येतं. ते वाचूनच पुढे जा. चुकून भलत्याला गेले तर आलेला संदेश लगेच ४५६ या क्रमांकावर पाठवा. समोरच्याने पैसे काढले नसतील तर परत मिळण्याची आशा असते. ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी शिल्लक तपासा. बनावट संदेशाची ही जुनी युक्ती आहे.

पोचल्यावर

पहिला गोंधळ घड्याळाचा. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. सकाळी नऊला कोणी ‘तिसरा तास’ म्हणेल. सरळ उपाय: सहा तासांचा फरक धरा आणि बसची वेळ तिकिटावर आकड्यांत लिहून घ्या, वर ‘सकाळ की रात्र’ हेही विचारा. फोनवर ठरलेल्या बैठका चुकतात त्या यामुळेच.

अभिवादन न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं मानतात. दुकानातसुद्धा आधी ‘हबारी’, मग भाव. टांझानियात वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मराहबा’ म्हणतील. दुसऱ्याला ठेच लागली, काही बिनसलं, तर ‘पोले’. एवढ्याने पहिला आठवडा निभतो.

गोऱ्या स्वयंसेवकाला ‘मझुंगू’ म्हणतात, तुम्ही ‘म्हिंदी’. या शब्दामागे इतिहास आहे. १८९६ पासून रेल्वेसाठी हजारो भारतीय मजूर आणले गेले, मागोमाग दुकानदार आले आणि १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. आजही ‘म्हिंदी’ म्हणजे दुकानाचा किंवा कारखान्याचा मालक अशी पहिली समजूत असते. त्यामुळे तुम्ही फुकट काम का करताय हा प्रश्न येणारच. सरळ उत्तर द्या, चिडू नका. नैरोबीत आणि दार-एस-सलाममध्ये मराठी मंडळी आहेत, गोवेकरांच्या संस्था तर फार जुन्या. ओळखी करून घ्या, पण मुक्काम कामाच्या गावीच ठेवा. शहरातल्या आपल्या माणसांत रमलं की स्वाहिली येत नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात हा गैरसमज आहे. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे उगाली, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, राजम्यासारखं महारागे, मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवलेलं गिथेरी, आणि न्देंगू म्हणजे चक्क आपले मूग. चपाती आणि चाय नावासकट मिळतात. युगांडात ‘रोलेक्स’ मागितलात तर चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट येईल. मांस खात नाही हे सांगताना मात्र ‘न्यामा’ नको एवढं पुरत नाही, कारण कोंबडी ‘कुकू’ आणि मासा ‘समाकी’ या वेगळ्या गोष्टी समजल्या जातात. तिन्हींची नावं घ्या आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. पाणी उकळून प्या: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

गावातली मिनीबस केनियात मटाटू, टांझानियात दालादाला आणि युगांडात चक्क ‘टॅक्सी’. रिक्षेला टांझानियात बजाजी म्हणतात, आणि बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सीतही पुण्याच्या बजाजची बॉक्सर जागोजागी दिसते. या ओळखीने हुरळून जाऊ नका, स्वयंसेवकाला गंभीर इजा होण्याचं सगळ्यात मोठं कारण बोडाबोडाच ठरू शकतं. हेल्मेट स्वतःचं, रात्री अजिबात नाही, तिघं तर नाहीच. लांब पल्ल्याची रात्रीची बसही टाळा.

बचतगटाचं काम: जवळून

महाराष्ट्रातून गेलेल्यांना हमखास जमेल असं वाटणारं आणि म्हणूनच बिघडणारं काम म्हणजे बचतगट. केनियातला ‘चामा’ आपल्या भिशीच्या जवळचा. पण खेड्यांत पसरलेली मुख्य पद्धत गाव बचत आणि कर्ज गटाची. तिची सुरुवात १९९१ मध्ये नायजर देशात केअर या संस्थेने केली.

गटात साधारण १५ ते २५ जण. बैठकीत प्रत्येकाने एक ते पाच ‘शेअर’ घ्यायचे. शेअरची किंमत गट वर्षारंभी ठरवतो आणि वर्षभर बदलत नाही. पुस्तकात रकमेऐवजी शेअरमागे एक शिक्का मारतात, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही स्वतःची बचत मोजता येते. पैसे लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या घरी आणि पेटी चौथ्या घरी. पेटी फक्त सगळ्यांसमोर उघडते. कर्ज बचतीच्या तिपटीपर्यंत, वर एक लहानसा आपत्ती निधी वेगळा. नऊ ते बारा महिन्यांनी पेटी रिकामी करून सगळं वाटून टाकतात आणि नवं चक्र सुरू होतं.

वाटप असं: २० जणींनी ५० शिलिंगचे दोन-दोन शेअर ४८ आठवडे घेतले तर १,९२० शेअर, ९६,००० शिलिंग बचत. व्याज आणि दंडासकट पेटीत १,१५,२०० निघाले तर शेअरची किंमत ६० झाली. ९६ शेअरवालीला ५,७६० मिळतील. हे गणित सगळ्यांसमोर फळ्यावर झालं पाहिजे. स्वयंसेवकाने लॅपटॉपवर करून आकडा सांगितला की वर्षभराचा विश्वास एका दुपारी जातो.

आपला माणूस चुकतो तो इथे: आपल्या बचतगटात सगळ्यांची बचत बहुधा सारखी, गट बँकेला जोडलेला आणि निधी वर्षानुवर्षं साठत जाणारा. तिथे बचत कमी-जास्त, बँक लांब आणि दरवर्षी वाटप. ‘वाटता कशाला, बँकेत ठेवा, कर्ज मिळेल’ हा सल्ला घाईचा ठरतो, कारण वाटप हीच त्यांची हिशेब तपासणी असते. हिशेब जुळला नाही तर त्याच दिवशी कळतं, पाच वर्षांनी नाही.

गट बहुतेक वेळा तीन कारणांनी फुटतो. वाटपाच्या आधी जुनं कर्ज वसूल झालेलं नसतं, म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत नवं कर्ज बंद ठेवायला सुचवा. अध्यक्षांच्या नातलगांना बचतीबाहेर कर्ज मिळतं. किंवा बाहेरच्या कोणी चांगल्या भावनेने पेटीत देणगी टाकलेली असते. देणगीचे पैसे ‘आपले’ वाटत नाहीत, ते बुडाले तरी कोणी बोलत नाही. तेव्हा पेटीला, किल्लीला आणि रोख पैशाला हात लावू नका, आणि भरही घालू नका. तुमचं काम मागच्या बाकावर बसून, बैठकीनंतर लेखनिकाला चुकलेली नोंद एकट्यात दाखवण्याचं.

काम संपल्यावर फिरणं

सफारीचं अंदाजपत्रक स्वयंसेवेच्या खर्चात मिसळू नका, आकडे वेगळ्याच जगातले आहेत. केनियातल्या मासाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. युगांडात गोरिला पाहण्याचा परवाना जुलै २०२४ पासून ८०० डॉलर, रवांडात १,५००. वाहन, गाइड, मुक्काम वेगळे. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत. मेमध्ये दर उतरतात, पण कच्च्या रस्त्यांवर गाड्या रुततात.

नैरोबी–मोम्बासा रेल्वे २०१७ पासून सुरू आहे, सुमारे पाच-सहा तास लागतात आणि स्थानकं दोन्ही शहरांच्या बाहेर आहेत, म्हणून गाडीच्या दीड तास आधी निघा. नैरोबीहून टांझानियातल्या अरुशाला जाणारं शटल नमांगा सीमेवरून जातं, दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत होतात. दार-एस-सलामहून झांझिबारची वेगवान बोट साधारण दोन तासांत पोचते. बंदरात ‘तिकीट संपलं, माझ्याकडे आहे’ म्हणणाऱ्यांकडे न बघता सरळ खिडकीवर जा.

पोलीस, लष्कर, पूल, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका. मुलांचे फोटो पालकांच्या होकाराशिवाय काढू नका, आणि शाळेचं नाव व चेहरा एकत्र कुठेही टाकू नका.

निघताना आणि परतल्यावर

शेवटचे दोन आठवडे नवीन काही सुरू करू नका. तुम्ही बनवलेल्या प्रत्येक फाइलचा पासवर्ड, कुठे काय आहे याची दोन पानी नोंद आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी स्थानिक सहकाऱ्याच्या हाती द्या, आणि त्याने तुमच्या मदतीशिवाय ते काम एकदा करून दाखवू दे. ‘परत येईन’, ‘तुझी फी मी भरीन’ असली आश्वासनं देऊ नका. मदत करायची तर संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन.

परतल्यावर मलेरियाच्या गोळ्या ठरल्या दिवसापर्यंत सुरू ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणत थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना ‘पूर्व आफ्रिकेहून आलोय, फॅल्सिपेरम बघा’ असं स्पष्ट सांगा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. सरोवराच्या पाण्यात उतरला असाल तर बिल्हार्झियाची रक्ततपासणी लगेच करून उपयोग नाही. पाण्याशी शेवटचा संपर्क आल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी करा, त्याआधी ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.